‘बरं आहे’ म्हणजे किती बरं?

प्रस्तावना

मणक्याच्या ऑपरेशनाविषयी सातारा-सांगली पट्ट्यात दोनच गोष्टी कानावर येतात. पहिली : ‘पाहुण्यांचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी उठून चालायला लागले.’ दुसरी : ‘आमच्या भावकीतल्या एकानं केलं, तो कायमचा अंथरुणाला खिळला.’ ओपीडीच्या बाकावर बसलेला रुग्ण या दोन्ही गोष्टी ऐकून आलेला असतो आणि आपली गत यांपैकी कोणती होणार, एवढंच त्याला विचारायचं असतं. या दोहोंच्या मधे फार मोठा वर्ग आहे. कुणाची पायात उतरणारी कळ थांबली, पण कंबर आखडलेलीच राहिली. कुणाला चालता येतं, पण एस.टी.त तासभर बसवत नाही. कुणी कामावर परतला, पण जुन्या कामावर नाही. यांची गोष्ट गावात कुणी सांगत नाही, कारण ती रंगवून सांगण्यासारखी नसते. रुग्णालयाच्या दप्तरातही ती क्वचितच सापडते.

डिस्चार्ज कार्डावर कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणत्या मणक्यावर झाली, किती स्क्रू बसवले, टाके कधी काढायचे, हे सारं लिहिलेलं असतं. सहा महिन्यांनी हा माणूस किती वेळ उभा राहू शकतो, रात्री सलग झोपतो का, पाण्याची घागर उचलतो का, हे लिहायला त्या कार्डावर जागाच नसते. ती जागा तयार करणं, तिच्यात काय लिहायचं ते ठरवणं आणि लिहिलेल्याचा अर्थ लावणं, हा या पुस्तकाचा विषय आहे. वैद्यकात याला रुग्णाने स्वतः नोंदवलेला परिणाम म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘प्रॉम’ हा सुटसुटीत शब्द रुळला आहे. व्याख्या साधी आहे : रुग्णानं आपल्या प्रकृतीविषयी स्वतः दिलेलं उत्तर, डॉक्टरनं किंवा आणखी कुणी आपला अर्थ त्यात न मिसळता, जसंच्या तसं नोंदवणं.

मणक्याच्या शस्त्रक्रियेला याची गरज इतरांहून जास्त का, ते आधी पाहू. मोतीबिंदू काढला की तक्त्यावरची अक्षरं वाचून घेता येतात. मांडीचं हाड जुळलं की नाही, हे एक्स-रे सांगतो. मणक्याची ठरवून केलेली बहुतेक ऑपरेशनं मात्र दुखणं कमी व्हावं आणि वावर सुधारावा यासाठी होतात, आणि या दोन्ही गोष्टी कोणत्याही फिल्मवर उमटत नाहीत. फिल्म उलट चकवते. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकलीय’, ‘नस दबलीय’ ही वाक्यं एमआरआयच्या रिपोर्टातून थेट बोलण्यात उतरली आहेत. २०१५ साली ब्रिन्जिकजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पाठदुखीची कसलीही तक्रार नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. चकती झिजल्याची खूण विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत दिसली. चकती फुगल्याची खूण विशीत ३० टक्के, तर ऐंशीत ८४ टक्के. यांपैकी कुणाचीही पाठ दुखत नव्हती. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ऑपरेशननंतर स्क्रू जागच्या जागी, हाड जुळलेलं, एक्स-रे पाठ्यपुस्तकात छापण्याजोगा, आणि माणूस मात्र कण्हत असतो. अशा वेळी फिल्मचं खरं मानायचं की माणसाचं, हे ठरवण्यात शल्यविशारदांची कित्येक दशकं गेली.

सरकलेल्या चकतीचं ऑपरेशन वैद्यकात प्रस्थापित झालं ते १९३४ साली, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मिक्स्टर आणि बार या जोडीच्या लेखानं. त्याच रुग्णालयात त्याआधी अर्नेस्ट कॉडमन नावाचे सर्जन एकच हट्ट धरून बसले होते : प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवा, वर्षभरानं त्याची विचारपूस करा आणि उपचाराचा शेवटी काय परिणाम झाला तो त्यावर लिहा. संस्थेला ते मानवलं नाही. १९१४ मध्ये कॉडमन यांनी तिथला राजीनामा दिला. आपल्या स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला आणि उपचारातल्या १२३ चुका स्वतःहून जगापुढे ठेवल्या. धंद्यातले बहुतेक मित्र त्यामुळे दुरावले. तरी कॉडमन यांच्या कार्डावर निकाल लिहिणारा हात डॉक्टरचाच होता. पुढेही बराच काळ मणक्याच्या ऑपरेशनाचा निकाल ‘उत्तम, चांगला, बरा, वाईट’ अशा खणांत सर्जनच टाकत राहिले, आणि कुठला खण कशाला म्हणायचा, हे ज्याचं तो ठरवत होता.

हे किती बेभरवशाचं होतं, हे १९८५ साली हॉव आणि फ्रायमॉयर यांनी दाखवून दिलं. कमरेचं ऑपरेशन होऊन काही वर्षं झालेल्या रुग्णांचा एकच गट त्यांनी घेतला आणि त्याला तोवर प्रसिद्ध झालेले निरनिराळे निकष लावून पाहिले. यशाचं प्रमाण ६० टक्क्यांपासून ९७ टक्क्यांपर्यंत हललं. रुग्ण तेच, ऑपरेशन तेच, फक्त विचारण्याची पद्धत वेगळी. ‘आमचा सक्सेस रेट ९५ टक्के’ असं कुणी सांगितलं, तर पुढचा प्रश्न ‘कुणाला विचारून आणि काय विचारून?’ हा असला पाहिजे, तो या अभ्यासामुळे.

यावरचा तोडगा तोवर एका लहान गावात निघालेलाही होता. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, वेल्सच्या सीमेजवळ ऑस्वेस्ट्री नावाचं गाव आहे. तिथल्या हाडांच्या रुग्णालयात जेरेमी फेअरबँक आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात कंबरदुखीच्या रुग्णांशी बोलून एक प्रश्नावली बांधली आणि १९८० मध्ये ती प्रसिद्ध केली. तिची दहा कलमं आहेत : दुखण्याची तीव्रता, स्वतःची अंघोळ-कपडे, वजन उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, लैंगिक जीवन, चारचौघांत मिसळणं आणि प्रवास. प्रत्येक कलमाखाली सहा वाक्यं आहेत, काहीच अडचण नाही इथपासून अजिबात जमत नाही इथपर्यंत. रुग्णानं आपल्याला लागू पडेल त्या एका वाक्यावर खूण करायची. प्रत्येक वाक्याला शून्य ते पाच गुण. सगळ्यांची बेरीज पन्नासपैकी, तिची दुप्पट केली की टक्के मिळतात. इथे जास्त गुण म्हणजे जास्त अडचण. वीसपर्यंत किरकोळ, चाळिसापर्यंत मध्यम, साठपर्यंत तीव्र, ऐंशीपर्यंत माणूस जवळजवळ अडकून पडलेला आणि त्यापुढे खाटेला खिळलेला. एखादं कलम कोरं राहिलं तर ते सोडून उरलेल्यांवरून टक्केवारी काढायची. भरायला पाच मिनिटं पुरतात. मोठं यंत्र नको, वीज नको, कागद आणि विचारणारा माणूस हवा.

ऑस्वेस्ट्रीच्या बरोबरीनं आणखी काही मापं वापरात आहेत. दुखणं शून्य ते दहा आकड्यांत सांगणं हे सर्वांत साधं. मात्र कमरेचा आकडा आणि पायाचा आकडा वेगळा घ्यायचा, कारण नस मोकळी करण्याच्या ऑपरेशनानं पायाची कळ जितकी जाते तितकी कंबर सुधारतेच असं नाही. रोलंड आणि मॉरिस यांची १९८३ची चोवीस वाक्यांची यादी ‘हो’ किंवा ‘नाही’नं भरता येते, म्हणून वाचून दाखवायला सोपी. मानेसाठी व्हर्नन आणि मिओर यांनी १९९१ मध्ये ऑस्वेस्ट्रीच्याच धर्तीवर दहा कलमं केली. मानेत मज्जारज्जू दाबला जाऊन हातापायांतली ताकद गेली असेल, तर जपानी अस्थिशल्य संघटनेचं माप लावतात. हे डॉक्टरनं भरायचं माप आहे, पण त्याचं मूळ लक्षात ठेवण्यासारखं आहे : हाताचं कौशल्य जपान्यांनी जेवणाच्या काड्या धरता येतात का, यावरून तोललं. अमेरिकेत ते नेताना काड्यांच्या जागी चमचा आणि शर्टाची बटणं आली. आपल्याकडे त्याच जागी भाकरी मोडता येते का, असं विचारायला हवं. प्रश्न माणसाच्या ताटातून यावा लागतो, ही गोष्ट या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल.

मराठीपुरतं पाहायचं तर एक पक्का दुवा आहे. जोशी, रायतूरकर आणि कुलकर्णी या संशोधकांनी ऑस्वेस्ट्रीची इंग्रजी आणि मराठी आवृत्ती भारतीय रुग्णांवर पडताळून पाहिली; तो अभ्यास २०१३ मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात आला. पडताळणीत दोन गोष्टी तपासतात. माणसाची स्थिती बदलली नसताना थोड्या दिवसांनी तेच प्रश्न विचारले तर उत्तर तेच येतं का? आणि ज्यांना खरंच जास्त त्रास आहे त्यांचे गुण खरंच जास्त येतात का? या कसोट्या ओलांडलेली मराठी प्रश्नावली हाताशी आहे. त्यामुळे कुणीही आपल्या मनानं चार प्रश्न जुळवून ‘आमचा फॉर्म’ काढू नये. घरगुती फॉर्मवरचे आकडे दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी ताडून पाहता येत नाहीत, आणि मग सगळी मेहनत वाया जाते.

मात्र प्रमाणित प्रश्नावली हाती आली म्हणजे काम संपलं, असं नाही. वॉर्डात नेहमी दिसणारा एक प्रसंग सांगतो. सत्तरीच्या आजी, खटाव तालुक्याकडच्या. लिहिता-वाचता येत नाही, म्हणून फिजिओथेरपीची मुलगी वाक्यं वाचून दाखवते. “आजी, खुर्चीवर किती वेळ बसता येतं?” आजी लगेच म्हणतात, “कितीबी येळ बसवा की.” मुलगी शून्यावर खूण करते. शेजारी उभी असलेली सून हसते आणि म्हणते, “मॅडम, आमच्यात खुर्ची हाय कुठं? त्या जोत्यावर बसत्यात. खाली बसून भाकरी थापायचं दोन वर्सं झाली बंद हाय.” ऑस्वेस्ट्रीच्या बसण्याच्या कलमात खुर्ची आहे, मांडी नाही, उकिडवं बसणं नाही. आजींचं आयुष्य मात्र जमिनीच्या पातळीवर चालतं : चूल, निवडणं-टिपणं, भांगलण, पूजा, शौच. प्रश्नावली प्रामाणिक, आजी प्रामाणिक, मुलगीही प्रामाणिक, आणि तरी आकडा चुकीचा.

चालण्याचं कलम मैलांत आणि यार्डांत आहे. ‘पाव मैल’ म्हणून विचारलं तर माणूस गोंधळतो. ‘घरापासून स्टँडपर्यंत न थांबता जाता का?’ म्हटलं की नेमकं सांगतो. ते अंतर आपण आधी मोजून ठेवायचं. लैंगिक जीवनाचं कलम बहुतेक ठिकाणी कोरं राहतं, विशेषतः सासू किंवा मुलगा शेजारी बसलेला असतो तेव्हा. बाजूला घेऊन, बाईला बाईनं आणि पुरुषाला पुरुषानं विचारलं तर उत्तर मिळतं. आणि तरीही नकोसं वाटलं तर तो रुग्णाचा हक्क आहे. पडताळलेल्या प्रश्नावलीतली वाक्यं बदलायची नाहीत, हा नियम पाळायचा. पण तिच्या जोडीला आपल्याकडचे दोन-चार प्रश्न वेगळे नोंदवायला कुणाची हरकत नाही : मांडी घालून जेवता का, उकिडवं बसून उठता का, घागर किंवा भारा उचलता का, रानात जाता का. त्यांचे गुण ऑस्वेस्ट्रीच्या बेरजेत धरायचे नाहीत, शेजारी ठेवायचे.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची पाठ कशानं वाकते, हे कळल्याशिवाय प्रश्नही नीट सुचत नाहीत. पाटण, जावळीच्या डोंगरातून पिढ्यानपिढ्या माणसं मुंबईच्या बाजारांत ओझी वाहायला गेली. पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. कृष्णा-वारणेच्या काठचा ऊस तोडायला जोडपी येतात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं हा मणक्यावर पडणारा सर्वांत कठीण भारांपैकी एक. तासगाव, कवठेमहांकाळकडे द्राक्षबागेत हात वर आणि मान मागे करून छाटणी चालते. महाबळेश्वराच्या मळ्यात स्ट्रॉबेरी वाकून तोडावी लागते. सांगलीच्या हळदबाजारात हमाल, साखर कारखान्याच्या गोदामात पन्नास किलोची पोती, आणि घराघरांत सैन्यातून परतलेली माणसं. यांच्यापैकी हमालाला वजनाचं कलम विचारा. तो म्हणेल, “उचलतोय की, न उचलून सांगतो कुणाला?” त्याचे गुण छान येतील, त्याची पाठ छान नसेल. म्हणून जमतं का हे विचारल्यावर, काय सोसून जमतं, हेही विचारायचं. ऑस्वेस्ट्रीच्या वाक्यांत ती सोय आहे. वाचणाऱ्यानं घाईत ती गाळू नये.

शेवटी प्रत्येकाचं एक स्वतःचं माप असतं, तेही ऑपरेशनआधी लिहून घ्यावं. ज्ञानेश्वरांची पालखी लोणंद, फलटणवरून जाते. त्या भागातल्या वारकऱ्याला टक्क्यांचं काही पडलेलं नसतं, “आवंदा पालखीबरोबर चालता येईल का?” एवढंच त्याला हवं असतं. दुसऱ्याला नातवाला उचलून घ्यायचं असतं. तिसऱ्याला ट्रॅक्टरवर बसायचं असतं. ऑपरेशनानं यातलं काय साधेल आणि काय साधणार नाही, हे त्याच वेळी सांगितलं, तर पुढचे निम्मे गैरसमज टळतात.

या भागात उपचारांची परंपरा जुनी आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशनचं रुग्णालय उघडलं ते १८९४ मध्ये. १९६२ मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. कराडला १९८४ पासून कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी अस्थिशल्याचा बृहद्ग्रंथ संपादित केला तो मिरजेत राहून. बेळगाव, विजयपूरकडचे रुग्णही मिरजेलाच येतात; त्यामुळे इथल्या वॉर्डात मराठी कागदाबरोबर कन्नड कागदही ठेवावा लागतो. इतक्या रुग्णांची ये-जा असलेल्या या पट्ट्यात मोजणीची सवय लागली, तर त्याचा उपयोग महाराष्ट्रभर होईल. खेड्यातल्या पाठदुखीकडे असं पाहण्याची सुरुवात राज्यात झालेलीही आहे : गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं मुंबईचे मणकेतज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज यांच्या सोबतीनं गावोगाव जाऊन पाठदुखीनं लोकांची कोणती कामं अडतात, याची विचारपूस केली. त्यावरचे लेखही प्रसिद्ध झाले.

मोजणीचा कणा मात्र एका गोष्टीत आहे, आणि ती इथल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी दोनदा उभी राहते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. दोन्ही वजनं झाल्याशिवाय ऊस किती, हे कुणीच सांगू शकत नाही. शिवाय काटा घेणाऱ्याच्या ताब्यात असतो, म्हणून शेतकऱ्याचा त्याच्यावर विश्वास नसतो. मणक्याच्या बाबतीत हे दोन्ही धडे तंतोतंत लागू आहेत. ऑपरेशनआधीचे गुण नसतील, तर नंतरचे गुण निरर्थक. आणि ज्यानं ऑपरेशन केलं, त्यानंच प्रश्न विचारू नयेत.

दुसरा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. आपला रुग्ण डॉक्टरांसमोर तक्रार करायला संकोचतो. ज्यांनी हातात सुरी धरली, पैसे कमी करून घेतले, रात्री येऊन पाहून गेले, त्यांना तोंडावर ‘दुखतंय’ कसं म्हणायचं? तो म्हणतो, “बरं हाय डॉक्टर, तुमची कृपा.” तोच माणूस बाहेर येऊन औषधाच्या दुकानात दुखण्याची गोळी मागतो. म्हणून प्रश्न विचारणारी व्यक्ती वेगळी असावी, जागा वेगळी असावी, आणि उत्तर डॉक्टरला दाखवलं जाईल पण त्यावरून उपचारात काही कमी-जास्त होणार नाही, हे रुग्णाला सांगितलेलं असावं. नातेवाइकांनी उत्तर द्यायचं नाही, हेही तितकंच आवश्यक. आपल्याकडे मुलगा बापाच्या वतीनं बोलतो आणि नवरा बायकोच्या; बायको स्वतः बोलली की गुण बदलतात.

गुण किती उतरले म्हणजे फरक पडला म्हणायचा? याचं उत्तर शोधायला १९८९ मध्ये जॅश्की, सिंगर आणि गयाट यांनी एक कल्पना मांडली : रुग्णाला स्वतःला जाणवेल आणि मोलाचा वाटेल, असा सर्वांत लहान फरक. कोपे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कमरेच्या शस्त्रक्रियेसाठी तो ऑस्वेस्ट्रीवर सुमारे १२.८ गुण काढला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं उपकरणांच्या चाचण्यांसाठी १५ गुणांची मर्यादा धरली. म्हणजे ६२ वरून ५६ वर आलेल्या माणसाला ‘सुधारणा’ म्हणणं ही आपली हौस झाली. तरीही या आकड्याची पूजा करू नये. एकाचे गुण ७० वरून ५० वर आले आणि दुसऱ्याचे ३० वरून १८ वर. पहिल्यात फरक मोठा, पण तो अजून नीट उभाही राहू शकत नाही. दुसऱ्यात फरक मर्यादेखाली, पण तो कामावर गेला आहे. किती सुधारला आणि आता कुठे आहे, हे दोन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि दोन्ही विचारावे लागतात.

अशा मोजणीनं काय हाती लागतं, हे परदेशातल्या दोन उदाहरणांवरून दिसतं. स्वीडनमध्ये १९९०च्या दशकापासून मणक्याच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे. रुग्ण ऑपरेशनआधी फॉर्म भरतो आणि नंतर काही वर्षं ठरावीक टप्प्यांनी पुन्हा भरतो. अमेरिकेतल्या ‘स्पोर्ट’ या अभ्यासानं अकरा राज्यांतल्या तेरा केंद्रांत ऑपरेशन आणि बिनऑपरेशनाचे उपचार यांची तुलना केली. सरकलेल्या चकतीचा पहिला निष्कर्ष २००६ मध्ये आला. चिठ्ठी टाकून दोन गट केले होते, पण रुग्णांनी चिठ्ठी पाळली नाही : ऑपरेशनच्या गटातल्या निम्म्यांनीच तीन महिन्यांत ते करून घेतलं, आणि दुसऱ्या गटातल्या ३० टक्क्यांनी त्याच काळात ऑपरेशन करवून घेतलं. दोन वर्षांत दोन्ही गट पुष्कळ सुधारले. ज्यांनी प्रत्यक्ष ऑपरेशन केलं त्यांना जास्त आराम पडलेला दिसला. चिठ्ठीप्रमाणे हिशेब केला तर फरक लहान निघाला. यातून रुग्णाला सांगण्यासारखं एक वाक्य मिळतं : तातडीची लक्षणं नसतील, तर थांबून पाहण्यात सहसा कायमचं नुकसान नाही, आणि त्रास सोसवत नसेल तर ऑपरेशन लवकर आराम देऊ शकतं. हे वाक्य एक्स-रेंचे गठ्ठे चाळून कधीच मिळालं नसतं.

या मापांच्या मर्यादाही स्वच्छ सांगायला हव्यात. लघवी-शौचाचा ताबा गेला असेल, पाय झपाट्यानं लुळे पडत असतील, मणका अपघातात मोडला असेल, तर प्रश्नावली भरत बसायची वेळ नसते, आधी इलाज. मणक्याच्या क्षयात जंतूंचा नायनाट आणि पाठीचा बाक हीच पहिली मापं. ज्या भागात वॉन्लेसवाडीचं नाव क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाशी जोडलं गेलं आहे, तिथे हे विसरून चालणार नाही. घरात मयत झाली, पीक गेलं, कर्ज थकलं, तर मणका सुधारूनही गुण वाढतात. आकडा पाठीबरोबर मनाचंही सांगत असतो. सर्वांत मोठा धोका मात्र मोजणाऱ्यांकडूनच येतो. गुणांवरून डॉक्टरांची किंवा रुग्णालयांची क्रमवारी लावायला सुरुवात झाली, की अवघड रुग्ण कुणी हातात घेणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मणक्याच्या काही शस्त्रक्रिया गरिबांना मोफत होतात. उद्या अशा योजनांनी दाव्याच्या कागदांत रुग्णाची उत्तरं मागितली तर ते स्वागतार्हच आहे, पण त्या उत्तरांवर पैसे अडवायला लागले, तर उत्तरं आपोआप ‘छान’ यायला लागतील.

आणखी एक पळवाट बंद करायला हवी. जो पूर्ण बरा झाला तो फॉलोअपला येत नाही, त्याला सुगी असते. जो बरा झाला नाही तोही येत नाही, तो कोल्हापूर-पुण्याला दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. मधलेच काही येतात, आणि त्यांच्यावरून आपण निकाल छापतो. आता जवळपास प्रत्येक घरात मोबाइल आहे. रुग्णाचा एक आणि जवळच्या माणसाचा एक, असे दोन नंबर घ्यावेत. सहा महिन्यांनी आणि वर्षानं फोनवर तीच दहा कलमं वाचून दाखवावीत. किती जणांशी बोलणं झालं आणि किती सापडले नाहीत, हे निकालाच्या वरच लिहावं.

या पुस्तकात प्रश्नावल्या, गुण काढण्याच्या रीती, विचारणाऱ्यांसाठी सूचना आणि नोंदींचे तक्ते दिले आहेत. ते शिकाऊ डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका यांच्यासाठी आहेत. पण ऑपरेशनचा विचार करणाऱ्या रुग्णानंही पहिली दोन प्रकरणं वाचावीत आणि आपल्या सर्जनला निःसंकोच विचारावं, ‘माझ्यासारख्या रुग्णांना तुम्ही वर्षानं काय विचारता?’ सर्जन मंडळींना एकच विनंती आहे. सगळं एकदम जमणार नाही. संगणक नसेल, माणूस कमी असेल, वेळ नसेल. मग निदान ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाच मिनिटं काढून पहिला फॉर्म भरून घ्या. नंतरचे फॉर्म उशिरा भरले तरी चालतात. पहिला मात्र नंतर भरता येत नाही : ऑपरेशनआधीचं दुखणं पुढे आठवून सांगताना माणसं ते होतं त्याहून जास्त सांगतात, असं अभ्यासांत दिसून आलं आहे, आणि त्या वाढीव आकड्यावर कुणाचंही ऑपरेशन यशस्वी दिसतं.